एकच वापरकर्ता ठेवावा

२ फेब्रुवारी, सोमवार

आज सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी, नव्या घराच्या उंबरठ्यात पाऊल टाकताक्षणी, माझा फोन बोलता बोलता बंद पडला. वेळ मुद्दाम लिहून ठेवते. बत्तीस वर्षं आवक-जावक विभागात काढल्यावर एवढं नक्की कळलं आहे, की तारीख आणि वेळ नसलेल्या तक्रारीला कोणी हिंग लावून विचारत नाही.

तो राग बाजूला ठेवला तर दिवस छान गेला. निवृत्त झाल्यावर सरकारी क्वार्टर सोडावं लागलं आणि आयुष्यात पहिल्यांदा मी माझ्या पसंतीचं घर घेतलं. चौथा मजला, लिफ्ट नाही. पण माझे गुडघे माझ्या सगळ्या साहेबांच्या पाठीच्या कण्यांपेक्षा मजबूत आहेत. दार उघडलं की आडवा बोळ. डावीकडे बैठकीची खोली आणि तिला लागून स्वयंपाकघर नि झोपायची खोली. उजवीकडे बोळाच्या टोकाला एक मागची खोली. तिला खिडकी नाही, वर एक झरोका तेवढा आहे. तिथे ट्रंका आणि पुस्तकांची खोकी टाकली आणि दार ओढून घेतलं. ओटा बरोबर माझ्या उंचीचा आहे. कपाटांची दारं कुरकुरत नाहीत. खिडकीत उभं राहिलं की पाण्याची मोठी टाकी दिसते. तिच्यापलीकडे काहीच दिसत नाही. टाकी आभाळ अडवते, आणि दिवसभर फोन हातात धरून घरभर फिरल्यावर कळलं की नेटवर्कही तीच अडवते.

फोनवर माझी धाकटी बहीण होती. डिसेंबरात तिच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. ती सहा तासांच्या अंतरावर एकटी राहते. सकाळी एक मावशी येऊन तिचं सगळं बघून जातात. डॉक्टरांनी बजावलं आहे, लांबचा प्रवास नाही आणि जिना मुळीच नाही, एक मजलासुद्धा नाही. म्हणून आमचा नियम आहे: सकाळी दहाला आणि संध्याकाळी सातला फोन. उचलला नाही तर काहीतरी बिघडलं असं समजायचं. आज सातला मला चार मजले उतरून रस्त्यावर उभं राहून बोलावं लागलं. ती म्हणाली, "ताई, तू निवृत्त झालीस की व्यायामशाळेत नाव घातलंस?" खूप हसली. ती हसली की मी मनातल्या मनात तिचे श्वास मोजते.

५ फेब्रुवारी, गुरुवार

मोबाइल कंपनीच्या कार्यालयात गेले. काउंटरवरच्या माणसाने वर न बघता, आजी, टोकन घ्या, असं सांगितलं. मी त्याला सांगितलं, मला एकही नातवंड नाही आणि असतं तर ते बोलताना समोरच्याकडे बघायला शिकलं असतं. मग त्याने वर बघितलं.

त्याचं म्हणणं, तुमची इमारत टाकीच्या सावलीत आहे, तिथे लहरी पोहोचत नाहीत, आम्ही काय करणार. मी म्हटलं, टाकी काल रात्रीत उगवली नाही, आणि जोडणी देताना तुमच्या माणसाने घरभर नेटवर्क मिळेल असं छापील कागदावर दिलं आहे. तो कागद मी समोर ठेवला. कॉन्व्हेंटमध्ये नन्सनी आम्हाला दोन गोष्टी घोटून शिकवल्या, ताठ बसायचं आणि कागद फेकायचा नाही. दुसरीचा जन्मभर उपयोग झाला.

दीड तास बसवून ठेवल्यावर एक साहेब बाहेर आले. कंपनी काही इमारतींत नव्या प्रकारचे रिपीटर, म्हणजे नेटवर्क घरात पोचवणाऱ्या पेट्या, बसवून बघते आहे, तुमचं घर त्यात घेतो, असं म्हणाले. लेखी द्या, म्हटलं. त्यांनी हसून लेखी दिलं.

९ फेब्रुवारी, सोमवार

रिपीटर बसला! बसवायला आलेली बाई चाळिशीची, कमरेला हत्यारांचा पट्टा, चार मजले चढून आली तरी धाप नाही. मी तिचं नाव टॉवरबाई ठेवलं आणि तिला ते आवडलं. कोरा चहा प्यायली आणि मी विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं नीट उत्तर दिलं. असं माणूस आमच्या कार्यालयात असतं तर मी आणखी पाच वर्षं काढली असती.

गच्चीवर एक भांडं आहे, ते टाकीला वळसा घालून टॉवर बघतं. घरात बोळाच्या भिंतीवर, छताजवळ, एक पांढरी चपटी पेटी आहे. साधे रिपीटर नुसते ओरडत सुटतात, टॉवरबाईने सांगितलं, सगळीकडे सारखेच आणि चोवीस तास. हा शहाणा आहे. टॉवर त्याला हुकूम देतो आणि तो फक्त जिथे फोन आहे तिकडे झोत वळवतो. कोणी बोलत नसेल तेव्हा झोपतो. पेटीवर सहा बारीक हिरवे दिवे आहेत: एक म्हणजे खिडकी, दोन बैठकीतली खुर्ची, तीन स्वयंपाकघर, चार झोपायची खोली, पाच बोळ आणि सहा मागची खोली. मी फोनवर बोलत घरभर फिरले. दिवे माझ्यामागून एकेक करत लागत विझत आले. मला लहान मुलीसारखा आनंद झाला. वीज गेली तर आतली बॅटरी आठवडाभर चालते.

संध्याकाळी सातला धाकटीचा आवाज असा आला जणू ती शेजारी बसली आहे. चाळीस मिनिटं बोललो. लहानपणचं सगळं निघालं. तिने वडिलांच्या टोपीत मांजराची पिल्लं ठेवली होती ते, मी गणिताच्या परीक्षेत रडले होते ते. दोन नंबरचा दिवा शेवटपर्यंत शांत जळत होता.

११ फेब्रुवारी, बुधवार

बैठकीतल्या खुर्चीतून बोळातली पेटी समोर दिसते. दुपारी चार वाजता चहा घेताना बघितलं तर सहा नंबर लागलेला. फोन माझ्या हातात होता, बंद पडद्याचा. मी कोणाशी बोलत नव्हते. मागच्या खोलीत ट्रंकांशिवाय कोणी नाही आणि ट्रंका फोन करत नाहीत.

उठून दार उघडलं. ट्रंका, खोकी, झरोक्यातून आलेला उजेडाचा पट्टा. वळून बघितलं तर सहा विझला होता आणि पाच लागला होता. बोळात मीच उभी होते म्हणून असेल.

यंत्र नवं आहे. चुका करणारच.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळच्या फोनवर धाकटी म्हणाली, काल दुपारी तू सांगितलंस तसं मी कोमट पाणी घेऊन पडले, बरं वाटलं. मी म्हटलं, काल दुपारी मी काही सांगितलं नाही. ती म्हणाली, अगं, चारला फोन केलास की, तासभर बोललीस. मी विषय वाढवला नाही. औषधांनी डोक्यात गोंधळ होतो, डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं.

तरी मी माझ्या फोनमधली यादी बघितली. काल दुपारचा फोन त्यात नाही.

१४ फेब्रुवारी, शनिवार

समोरच्या घरात शिवणकाम करणाऱ्या बाई राहतात. दिवसभर आपल्या दुकानात असतात, संध्याकाळी येतात. आज माझ्या परकराची नाडी घालून द्यायला आल्या आणि बसल्या. बोलताना त्यांची नजर सारखी मागच्या दाराकडे जात होती. मी विचारलं, काही हरवलं आहे का तुमचं तिथे.

मग सगळं बाहेर पडलं. माझ्याआधी इथे एक म्हातारी बाई एकटी राहायची. दिवसभर फोन हातात उंच धरून घरभर हिंडायची, कुठे नेटवर्कची रेघ येते का बघायची. कधीकधी मागच्या खोलीत झरोक्याखाली एखादी रेघ यायची, म्हणून तिथे स्टुलावर चढून उभी राहायची. एक दिवस पडली. चार दिवसांनी दार फोडलं. हातात फोन होता. शिवणवाल्या बाई म्हणाल्या, पोलिसांनी बघितला तर दोनशेच्या वर फोन लावलेले, एकही लागला नव्हता. तिला फक्त कोणीतरी यायला हवं होतं हो, त्या म्हणाल्या, आणि नाडी ओवत राहिल्या.

घर दाखवणाऱ्या दलालाला उद्या मी चांगली फैलावर घेणार आहे. अशी गोष्ट लपवतात?

१६ फेब्रुवारी, सोमवार

दलालाला बोलून घेतलं. त्याचा उपयोग नाही, पण मला बरं वाटलं.

आज दिवसभर वही घेऊन खुर्चीत बसले. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. नोंदींवर आहे. त्या अशा:

१२.१० सहा लागला. १२.१४ विझला.
२.०५ सहा. २.३० पाच. २.३१ सहा.
४.०० सहा. ४.०० ते ५.१० सलग सहा.

माझा फोन या सगळ्या वेळात माझ्या मांडीवर, बंद. साडेचारला उठून मागच्या दाराशी गेले आणि कान लावला. कोणीतरी बोलत होतं. शब्द कळत नव्हते, पण बोलण्याची चाल कळत होती. वाक्याच्या शेवटी आवाज जरा वर जाणं, मग एक छोटं हुं.

मी तशी बोलते.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

टॉवरबाईला बोलावलं. तिने लॅपटॉप जोडला आणि कपाळाला आठ्या घातल्या. तुमच्या नंबरावर दोन फोन दिसताहेत, म्हणाली, एक फिरता आणि एक मागच्या खोलीत. मी विचारलं, असं होतं का. ती म्हणाली, भिंतीवरून लहरी परत येतात, टॉवरला एकाचे दोन वाटतात. तिने ते मला सांगितलं पण स्वतःला पटलेलं दिसलं नाही. मागच्या खोलीत जाऊन आली ती लगेच, हत्यारांचा पट्टा आवळत. चहा नको म्हणाली. तक्रार वर पाठवा, त्यांना तिथून एक बंद करता येतो, मला इथून नाही, असं सांगून पायऱ्या दोन दोन करत उतरली.

सातला धाकटी म्हणाली, "ताई, दुपारी तू रडत होतीस. आता बरी आहेस ना?"

मी हो म्हटलं. काय म्हणणार होते?

१८ फेब्रुवारी, बुधवार

तक्रार लिहिली. स्वच्छ, मुद्देसूद, तीन परिच्छेद. प्रत इथे उतरवते:

या घरात मी एकटी राहते. आपल्या यंत्रावर या घरात दोन वापरकर्ते दिसतात, ही आपली चूक आहे. तरी या घरात एकच वापरकर्ता ठेवावा आणि दुसरा तात्काळ व कायमचा बंद करावा. केलेल्या कारवाईचे लेखी उत्तर शुक्रवारी दुपारी बारापूर्वी मिळावे.

स्वतः नेऊन दिली. पोच घेतली. शिक्का नीट उमटला नव्हता, दुसरा मारून घेतला.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

अकरा वाजता उत्तर आलं. वेळेआधी! हातात घेऊन मला खरोखर समाधान वाटलं. मग वाचलं.

आपल्या विनंतीनुसार आपल्या घरात एकच वापरकर्ता ठेवण्यात आला आहे. गेल्या अकरा दिवसांच्या नोंदींवरून नियमित वापरकर्ता झोत क्रमांक सहावर, रोज सरासरी तीन तास, आढळला. झोत एक ते चार यांवर अधूनमधून दिसणारा अनियमित वापरकर्ता कायमचा बंद केला आहे.

मी दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा उभी राहून वाचलं.

त्यांनी मला बंद केलं आहे.

संध्याकाळी सात. फोनवर रेघ नाही. खिडकीत नाही, खुर्चीत नाही, स्वयंपाकघरात नाही. खाली रस्त्यावर गेले, पूर्वी तिथे सगळ्या रेघा यायच्या. नाही. सेवा उपलब्ध नाही.

वर आले तेव्हा सहा नंबर जळत होता आणि मागच्या खोलीत माझा आवाज हसत होता. वडिलांच्या टोपीतल्या पिल्लांवर.

२१ फेब्रुवारी, शनिवार

कंपनीचं कार्यालय बंद. सोमवारी या. दारावर पाटी.

पेटीची वायर उपटली. बॅटरीवर चालू. गच्चीला कंपनीचं कुलूप. झाडूच्या दांड्याने पेटीवर मारलं, दोनदा. तिसऱ्यांदा दांडा उचलला तर सहा विझला आणि पाच लागला.

पाच म्हणजे बोळ. मी बोळात होते. माझा फोन बैठकीत होता.

मानेवर काही लागलं नाही. आवाज नाही. फक्त हवा दाटल्यासारखी झाली, गर्दीत मागून कोणी अगदी खेटून उभं राहतं तशी. दांडा टाकून पळाले. बैठकीत आल्यावर खुर्ची दारात आडवी लावली. पाच बराच वेळ जळत होता. मग सहा.

दार उघडून बाहेर जाता येतं ते सहा असतानाच. हे आता कळलं.

२२ फेब्रुवारी, रविवार

संध्याकाळी शिवणवाल्या बाईंच्या फोनवरून धाकटीला लावला. पहिल्यांदा उचलला नाही. दुसऱ्यांदा उचलला.

मी म्हटलं, अगं, मी ताई. माझा फोन बंद आहे. आठवडाभर दुपारी तुझ्याशी जी बोलते आहे ती मी नव्हे.

मग अगदी सभ्यपणे म्हणाली, "ताईने सांगितलंच होतं, तुमचा फोन येईल म्हणून."

माझी सख्खी बहीण मला तुम्ही म्हणाली. जन्मात पहिल्यांदा.

मी टोपीतली पिल्लं सांगितली. गणिताची परीक्षा सांगितली. तिच्या गुडघ्यावरची खूण कशाने झाली ते सांगितलं. ती म्हणाली, हेही सांगाल असं ती म्हणाली होती, तुम्ही आमचे फोन चोरून ऐकता. मग म्हणाली, "तुम्ही कोण आहात ते मला ठाऊक नाही. पण माझी ताई तिथे एकटी पडली आहे, आजारी आहे, आणि मी तिच्याकडे जाणार आहे. आजारी माणसांना असं छळू नये."

फोन ठेवला. नंतर शिवणवाल्या बाईंनी लावून बघितला. उचलला नाही.

तिला फक्त कोणीतरी यायला हवं होतं.

चार मजले. लिफ्ट नाही.

२३ फेब्रुवारी, सोमवार

कार्यालयात गेले. ओरडले. जन्मात कधी अशी ओरडले नव्हते. तोच काउंटरवाला. आता वर बघत होता, घाबरून. वापरकर्ता परत चालू करायला वापरकर्त्याने आपल्या नोंदवलेल्या फोनवरून विनंती करायची असते, म्हणाला. मी म्हटलं, तो फोन तुम्ही बंद केला आहे. तो म्हणाला, पण मॅडम, सकाळीच तुमच्या नंबरावरून फोन आला होता, सेवा उत्तम आहे म्हणालात, आभार मानलेत.

लेखी तक्रार दिली. पोच घेतली. बहात्तर तास लागतील.

संध्याकाळी, शिवणवाल्या बाईंच्या फोनवरून मावशींना लावला. जुन्या वहीत नंबर सापडला. त्यांना तरी मी मी वाटले. धाकटी सामान भरते आहे, म्हणाल्या. मी रडून सांगितलं, तिला सोडू नका, जिना चढली तर ती जाईल. मावशी म्हणाल्या, उद्या सकाळी आठला गेले की दारातच बसते, बघतेच कशी निघते.

रात्र बाईंच्या घरी काढते आहे. भिंतीपलीकडे बोलणं चालू आहे.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी साडेआठ. मावशींचा फोन. दाराला कुलूप. शेजाऱ्यांकडे चिठ्ठी, ताईकडे जाते. मावशींचा अंदाज, सातची बस.

सातची म्हणजे एकला पोहोचेल. मी साडेबारापासून फाटकात बसणार. अडवणार. समोर उभी राहिले तर ओळखेल, आवाजाचं काय घेऊन बसलात, चेहरा तर माझाच आहे ना. तिला एक पायरी चढू देणार नाही. खालीच बसवीन, गाडी बोलावीन, परत नेईन.

बसायला घडीची खुर्ची हवी. ती माझ्या घरात आहे. बाई दुकानात गेल्या. सहा लागलेला असला तर पटकन जाऊन घेऊन येते. एवढंच.

२४ फेब्रुवारी, अकरा वाजून पस्तीस

दार उघडलं तेव्हा सहा होता. आत आले. खुर्ची काढेपर्यंत पाच.

बैठकीत आहे. दार आणि मी यांच्यामध्ये बोळ. बोळात दिवसाउजेडी काही दिसत नाही. रिकामा बोळ. पण पाच जळतो आहे, आणि बोळातून माझा आवाज येतो आहे, फोनवर बोलल्यासारखा, गोड —

आलीस का गं? फाटक उघडंच आहे. हो, हीच इमारत. सातची नको म्हटलं ते बरं झालं ना, पहाटेची रिकामी असते.

पहाटेची. ती खाली आहे. आत्ता. खाली.

११.४०

दोनदा बोळात पाय टाकला. दोनदा ती हवा. भिंतीसारखी. छातीवर हात ठेवून ढकलल्यासारखी. पडले, कोपर फुटलं.

खिडकीतून ओरडले. खिडकी टाकीकडे. फाटक दुसऱ्या बाजूला.

जिन्यात पावलं. तिचीच. लहानपणापासून एक पाय जरा ओढते. पहिला मजला. थांबली. धाप ऐकू येते —

मी ओरडले, वर येऊ नकोस! मी ताई, वर येऊ नकोस, तिथेच बस!

बोळातून माझाच आवाज, शांत, "ऐकलंस ना? तीच ती. लक्ष देऊ नकोस, हळूहळू ये."

पावलं पुन्हा —

११.४६

दुसरा मजला. श्वास शिट्टीसारखा. बसली वाटतं. बस. बाळ, बस तिथेच. उठू नकोस —

उठली.

मी ओरडते ते तिला वाटतं — घसा गेला. आता तर तो आवाजच माझ्यापेक्षा माझा —

खुर्ची फेकली पेटीवर. लागली. एक, दोन, तीन, चार फुटले. पाच जळतो आहे.

११.५२. तिसरा मजला.

लिहिते आहे कारण हात दुसरं काही करत नाहीत.

प्रति, तक्रार कक्ष. या घरात मी राहते. मी. बंद केलेला वापरकर्ता मी आहे. नियमित वापरकर्ता या घरात राहत नाही, तो मेलेला आहे, त्याचा झोत आत्ता, या क्षणी बंद करावा. माझी बहीण जिन्यात आहे. तिचं हृदय — शेवटच्या जिन्याला अठरा पायऱ्या आहेत, मी मोजते आहे, सात झाल्या, आठ — बोळातून ये, ये, झालंच, म्हणते आहे — अकरा — तिचा श्वास — मला लेखी उत्तर हवं, आज दुपारी बारापूर्वी, बारा वाजण्यापूर्वी लेखी कळवावे की या घरात कोण —

पंधरा. थांबली. पाच विझला, सहा लागला नाही, आता दार आपोआपच उघ